विळ्यांच्या रांगेतली तलवार

खंडेनवमीच्या दिवशी, दुपारी जेवणाआधी, पारोळ्याच्या आमच्या घराच्या ओट्यावर माझ्या वडिलांनी तुळशीराम नानांची तलवार बाजारी ठरवली. त्यानंतर महिनाभरात ती मोडली गेली. मी तेव्हा नववीत होते. तलवारीच्या मुठीवरच्या ज्या दोन अक्षरांवरून हा निर्णय झाला, ती मी वाचली होती.

वडिलांना घरात आबा म्हणत, बाहेर भाऊ किंवा भाऊसाब. ते जमीन मोजणी खात्यात होते. दिवसभर शेतांच्या बांधांवर साखळी टाकून भांडणाऱ्या भावांना हद्द कुठे आहे ते सांगायचे, हे त्यांचे काम. त्यांनी हद्दीचा दगड रोवला की दोन्ही पक्ष घरी जात. आवाज चढवल्याचे मी त्यांना कधी ऐकले नाही. खिशात एक भिंग असे, नकाशावरचे बारीक आकडे वाचण्यासाठी. तेच भिंग ते सुट्टीच्या दिवशी पात्यांवर धरत. पाती म्हणजे तलवारी, कट्यारी, सुऱ्या, जांबिये. आमच्या मागच्या खोलीत त्यांनी जमवलेली अकरा पाती होती, सगळी तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. त्या खोलीला करडईच्या तेलाचा वास येई. आईच्या लुगड्यांनाही तो लागे, कारण पेटी एकच होती. ती म्हणायची, "माझ्या माहेरी लोक विचारतात, तुझा नवरा तेलघाणीवर आहे का?"

पारोळा, धुळे, अमळनेर या भागात असा नाद असलेले सातआठ जण होते. ते वर्षातून एकदा, खंडेनवमीला, आमच्या घरी जमत. घरोघरी त्या दिवशी शस्त्रांची आणि अवजारांची पूजा असते, त्यामुळे पिशवीतून तलवार घेऊन एसटीतून उतरणाऱ्या माणसाकडे कोणी वळून पाहत नसे. प्रत्येकाने एकच पाते आणायचे, वर्षभरात ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव जडला ते. त्याला ते 'यंदाचं पातं' म्हणत. पाते कुठे मिळाले ते सांगायचे, मग ते हातोहात फिरायचे. एकदा पिंपळनेरच्या बाजारात मिळालेली, सांबरशिंगाच्या मुठीची एक सुरी आली होती. ती मूठ आत इतकी झिजली होती की धरणाऱ्याच्या अंगठ्याला आपोआप जागा सापडे. एका वर्षी धुळ्याच्या जमादारांनी, म्हणजे पोलिसातून निवृत्त झालेल्या एका विनोदी गृहस्थांनी, पितळी अडकित्ता आणला. "पातं तर आहे ना? आणि यंदा याच्याइतकं कोणी कापलं असेल तर सांगा," असे म्हणून त्यांनी सगळ्यांना सुपारी दिली.

नियम दोनच होते. पहिला, पात्याबद्दल जे वाटेल ते तोंडावर बोलायचे. दुसरा, निकाल आबांनी द्यायचा, पण आधी रहीमचाचांनी कान लावायचा. रहीमचाचा धुळ्याचे शिकलगार होते. तलवारींना धार लावणे, पाते उजळणे हा त्यांच्या घराण्याचा धंदा. त्यांच्या वेळेपर्यंत धंद्यात कात्र्या आणि उसाचे कोयतेच उरले होते. ते पाते दोऱ्याने टांगत, नखाने टिचकी मारत आणि डोळे मिटून ऐकत. जुन्या पोलादाचा आवाज लांबतो, असे त्यांचे म्हणणे. आम्ही मुले श्वास रोखून बसायचो. आवाज संपला की ते म्हणायचे, "कान माझा झाला. आता डोळा भाऊसाब लावतील."

ओट्यावर दोन रांगा लावलेल्या असत. एका बाजूला काळ्या घोंगडीवर शस्त्रे. दुसऱ्या बाजूला पोत्यावर अवजारे: आईची विळी, खुरपी, कुऱ्हाड, आबांची मोजणीची साखळी. आणलेले पाते नकली निघाले, म्हणजे बाजारात शोभेसाठी विकतात तसले, तर ते घोंगडीवरून उचलून पोत्यावर विळीशेजारी ठेवत. ज्याचे पाते विळ्यांच्या रांगेत गेले, त्याने त्या दिवशी पंगतीला वाढायचे. दर एकदोन वर्षांनी कोणावर तरी ही पाळी येई. सगळे हसत, तोही हसे. यात कोणाचा अपमान होतो, असे तोवर कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

तुळशीराम नाना बोरी नदीकाठच्या एका गावचे. आबांपेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, हडकुळे, उंच. कपाशी आणि वांगी लावत. ते आमच्याकडे सहा वर्षे येत होते, पण पाते न आणता. तलवार त्यांच्या घरात होती. ती थोरल्या भावाच्या ताब्यात होती. नाना दुसऱ्यांची पाती हातात घेत, पुन्हा पुन्हा उलटून बघत आणि म्हणत, "आम्हना घरमा बी शे. एक दिन आणसू." जमादार त्यांना विचारत, "नाना, तुमची तलवार अजून म्यानातच का?" नाना म्हणत, "म्यानमा नही भो, भिका दादाना माळ्यावर शे."

त्या वर्षी भावांची वाटणी झाली. मोजणी आबांनीच केली होती, म्हणून ही हकिकत मला नेमकी माहीत आहे. विहिरीकडचा तुकडा आणि नाल्याकडचा तुकडा, असे दोन भाग पडले. चिठ्ठ्या टाकायच्या होत्या. नानांनी चिठ्ठी टाकूच दिली नाही. तलवार मला द्या, नाल्याकडचा तुकडा मी घेतो, असे ते म्हणाले. त्यांच्या बायकोला, अक्कांना, हे दगड रोवल्यावर कळले. त्या बांधावर येऊन आबांना म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तरी समजाडतात. तरवारले काय पाणी पाजाडू अन् कपाशी लावू?" आबांनी घरी येऊन ते आईला सांगितले तेव्हा आई हसली नाही.

खंडेनवमीला नाना सगळ्यांच्या आधी आले. नवे धोतर, खांद्यावर लाल फडक्यात गुंडाळलेली तलवार. आई मागच्या अंगणात गोवऱ्यांच्या आरावर बट्ट्या भाजत होती. त्या दिवशी दरवर्षी वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी असत. वांगी नाना आणत. त्या दिवशी त्यांनी टोपली आईसमोर ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, आज वांगाकडे कोन्ही दखाव नही." बट्टी भाजली की तिला तडा जातो, ती आरातून काढून फडक्याने झटकतात, त्याचा फट् फट् असा आवाज येतो. त्या आवाजातच ओट्यावर एकेक पाते उघडले जात होते. रहीमचाचा आले नव्हते. हिवतापाने अंथरुणावर असल्याचा निरोप जमादारांनी आणला.

नानांनी फडके सोडले. तलवार आरशासारखी चमकत होती. ओट्याच्या छताच्या पाट्या तिच्यात दिसत होत्या. नाना म्हणाले, "तुम्हनासाठी दोन दिन घासी घासी आरसा करी टाकी. जिनमधला फिटरना चाकवर धरी, मंग चिंच, मंग राख." जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. आबांनी भिंग काढले. पात्यावरून ते मुठीपासून टोकापर्यंत आणि टोकापासून मुठीपर्यंत गेले. त्यांनी टिचकी मारली नाही. कान त्यांचा नव्हता. मी त्यांच्या शेजारी उकिडवी बसले होते. माझी नजर तेव्हा तीक्ष्ण होती आणि ती तशी आहे हे मला माहीत होते. मुठीच्या टोकाला वाटीसारखी चकती होती. तिच्या आतल्या बाजूला ठिपक्याठिपक्यांची अक्षरे मला दिसली. लग्नात आंदणाच्या भांड्यांवर मशीनने नाव घालतात, अगदी तशी.

मी मोठ्याने म्हणाले, "आबा, हे बघा. भि. मो. आमच्या तांब्यावर असतं तसं नाव घातलंय!"

आधी जमादार हसले. "नाना, तलवार का रुखवतातली हो?" मग सगळेच हसले. नानाही हसले. म्हणाले, "भाऊ, मूठ नवी शे. भिका दादानी बदलाई, अन् सोतानं नाव घाली लिधं. पातं जुनं शे."

"बठ्ठा तसंच सांगतस, नाना!" जमादार नानांच्याच बोलीत म्हणाले.

आबांनी आणखी एकदा भिंग फिरवले. मग ते खिशात ठेवले. हद्द सांगताना बोलत त्याच आवाजात ते म्हणाले, "नाना, जुन्या पात्यात पाण्यावरच्या तरंगांसारखी नक्षी असते. यात काही नाही. सरळ पत्रा आहे. बाजारी आहे."

तलवार घोंगडीवरून उचलून पोत्यावर ठेवण्याचे काम दरवर्षी मुलांकडे असे. त्या वर्षी मी ती उचलली. अपेक्षेपेक्षा जड होती, हे मला आठवते. मी ती विळी आणि कुऱ्हाडीच्या मध्ये ठेवली आणि झेंडूचे एक फूल तिच्यावर टाकले. नानांनी पंगतीला वाढले. त्यांना वाढण्याची सवय नव्हती. तुपाची वाटी ते वाकून प्रत्येकाच्या बट्टीवर अगदी जवळ नेत होते. "अजून घ्या भो, बट्टी कोल्डी शे," असे प्रत्येकाला म्हणत होते. स्वतः शेवटी जेवले. जाताना त्यांनी तलवार पुन्हा लाल फडक्यात गुंडाळली. गाठ बसेना, तेव्हा आबांनी पुढे होऊन फडक्याचे टोक धरले.

आता असे जमणे घरी होत नाही. जमादारांच्या नातवाने फोनवर एक गट केला आहे आणि त्यात मलाही घेतले आहे. दसऱ्याच्या आठवड्यात तिथे फोटो येतात. 'यंदाचं माझं आवडतं' असे लिहून कोणी कट्यार टाकतो, कोणी परदेशातून मागवलेला घडीचा चाकू. खाली लगेच निकाल येतात. 'नवी आहे', 'बाजारात पाचशेला मिळते', पुढे हसणारे चेहरे. मी तिथे काही लिहीत नाही.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला रहीमचाचा आले, नाना आले नाहीत. वांगी आईने बाजारातून आणली. पाती फिरून झाल्यावर चाचांनी नानांची चौकशी केली आणि जमादारांनी रुखवताची हकिकत रंगवून सांगितली. चाचा हसले नाहीत. त्यांनी आबांना विचारले, "भाऊसाब, हिराकस लावलं होतं का?"

"नाही."

"जिनच्या चाकावर धरली म्हणता. चाकावर धरली की जौहर मरतो, ती तरंगांची नक्षी. दिसत नाही. पोलादात असतो, वर नसतो. हिराकसाचं पाणी लावलं की परत उठतो." त्यांनी हात पुसलेच होते, तरी पुन्हा पुसले. "मूठ तर काय, दर पिढीला बदलते. माझ्या आजोबानं किती बदलल्या असतील."

आबांनी हातातले पाते घोंगडीवर ठेवले. मग म्हणाले, "परवा जाऊ." दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आबा, चाचा आणि मी सकाळच्या एसटीने नानांच्या गावी गेलो. मी हट्ट केला म्हणून मला नेले.

नाना अंगणात दोर वळत होते. आम्हाला पाहून उठले, बाजेवर घोंगडी टाकली, घरात पाहून चहा सांगितला. आबांनी तलवार पाहायची आहे असे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "तरवार कथी? मोडी टाकी." विळ्यांच्या रांगेत बसवली होती, तर विळेच करू, म्हणून त्यांनी ती गावच्या लोहाराकडे नेली होती. लोहाराने भट्टीत पांढरी होईतो तापवली आणि घण घातला. पहिल्याच घणाला ती फुटली. नाना म्हणाले, "शिळी भाकर मोडस ना, तशी." हे त्यांनी आमच्याकडे न पाहता सांगितले.

अक्का दारात येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "वावर गयं, तरवार बी गयी. विळाबी नही व्हयना तिना. बाजारी चीजसाठी यासनी विहीरवाला तुकडा सोडी दिधा. बठ्ठा गाव हसस." नानांनी आत जाऊन एक पुरचुंडी आणली. तिच्यात चारपाच तुकडे होते, सगळ्यात मोठा वीतभर. "दखा," असे म्हणून त्यांनी ती आबांच्या हातात दिली आणि बैलाला पाणी दाखवायला गोठ्यामागे गेले.

चाचांनी वीतभर तुकडा घेतला. पिशवीतून छोटी बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला आणि एका बाजूने हळूहळू पुसत गेले. ऊन चांगले होते. पहिल्यांदा तुकडा काळपट पडला. मग त्या काळ्यात करड्या रेषा दिसू लागल्या, एकीत एक गुंतलेल्या, वाऱ्याने विहिरीच्या पाण्यावर उठतात तशा. तुटलेल्या कडेपर्यंत त्या गेल्या होत्या. मला समजावे म्हणून चाचा हळू आवाजात म्हणाले, "पोरी, असं पोलाद जास्त तापवलं की फुटतं. साधं लोखंड असतं तर विळा झाला असता." मग त्यांनी तुकडा पुसला, पुरचुंडीत ठेवला, गाठ मारली आणि पुरचुंडी आबांच्या मांडीवर ठेवली. निकाल आबांनी द्यायचा होता.

नाना परत आले. हात धोतराला पुसत ते आमच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी विचारले, "काय शे, भाऊ?"

अक्का दारातच होत्या. त्यांची थोरली मुलगी शकू, माझ्याच वयाची, चहाचे कप घेऊन त्यांच्या मागे उभी होती. आबांनी पुरचुंडी नानांच्या हातात परत दिली. म्हणाले, "काही नाही, नाना. बाजारीच होती. बरं झालं मोडली ते."

नानांनी आबांकडे पाहिले. मग म्हणाले, "बरं." आणि मागे वळून, "शके, चहा दे पाहुण्यासले." अक्का आत गेल्या. आतून भांडे आपटल्याचा आवाज आला.

आम्ही चहा घेतला. कपाशीला बोंडे कशी आहेत, यावर बोलणे झाले. एसटीच्या थांब्यावर चाचा म्हणाले, "भाऊसाब, आज मी कान बंद ठेवला." आबांनी एसटीला हात केला. घरी आल्यावर आईने विचारले, तेव्हा आबा म्हणाले, "मोडली त्यांनी," आणि मागच्या खोलीत गेले. मला त्यांनी गप्प राहायला सांगितले नाही. मी आपणहून गप्प राहिले. अक्षरे मी वाचली होती.

त्याच्या पुढच्या वर्षापासून नाना पुन्हा येऊ लागले. वांग्यांची टोपली घेऊन, पात्याशिवाय. ते पोत्याजवळ बसत आणि विळी-खुरप्यांना झेंडूची फुले बांधत. जमादार विचारत, "नाना, यंदाचं पातं?" नाना म्हणत, "हाई वांगं चिरानी सुरी. हिले कोन्ही बाजारी म्हणी दाखाडा." सगळे हसत. आबा हसत नसत. त्यांनी त्यानंतर कधीही निकाल दिला नाही. कोणी पाते पुढे केले तर ते चाचांकडे सरकवत आणि म्हणत, "तुम्हीच बघा." कारण कोणी विचारले नाही. भिंग ते नकाशांसाठी वापरत राहिले.

नाना असे चौदा वर्षे आले. आबा गेले तेव्हा ते दहाव्याला आले होते. नदीवर पिंडांना कावळा शिवेना, तेव्हा माणसे काय काय बोलून पाहत होती: मुलीचं लग्न नीट करू, घर सांभाळू. नाना पुढे झाले आणि काहीतरी पुटपुटले. काय म्हणाले ते मला ऐकू आले नाही. कावळा त्यानंतर लगेच शिवला की बऱ्याच वेळाने, याबद्दल तिथे असलेल्यांच्या आठवणी वेगवेगळ्या आहेत. म्हणून मी इथे ते लिहीत नाही. नाना त्यानंतर चार वर्षांनी वारले. त्यांच्या पश्चातही अक्का नाल्याकडच्या तुकड्याची गोष्ट सांगत राहिल्या. नातवंडांना सांगत, "तुम्हना आजानी खोटी तरवारसाठी पानी सोडं."

मधली सगळी वर्षे मी धुळ्याला वर्तमानपत्रात काम केले. दुसऱ्यांनी लिहिलेले तपासणे हेच काम. हे एक तपासायचे राहिले होते. निवृत्तीनंतर जळगावला एका लग्नात शकू भेटली. जेवणे झाल्यावर आम्ही मांडवाबाहेर खुर्च्या घेऊन बसलो. मी तिला सांगितले की तिच्या वडिलांची तलवार खरी होती, आम्हाला ते त्यांच्या अंगणात कळले होते आणि आबा खोटे बोलले होते.

ती म्हणाली, "माले माहीत शे, ताई. नानालेबी माहीत व्हतं."

मग तिने जे सांगितले ते असे. तलवार लोहाराकडे नेली त्या दिवशी ती नानांबरोबर होती. भाता तीच ओढत होती. तलवार फुटली तेव्हा लोहाराने घण खाली ठेवला, कानाला हात लावला आणि एक तुकडा उचलून उजेडात धरला. तो म्हणाला, असे लोखंड त्याच्या आज्याने त्याला एकदा दाखवले होते, हे जुने पोलाद आहे, आपल्या हातून पाप झाले. नाना तिथेच भट्टीजवळ खाली बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी तुकडे गोळा केले, पटक्याचा कपडा फाडून त्यात बांधले आणि शकूला म्हणाले, "घरमा सांगू नको. पारोळाना भाऊले तर मुळीच नही." तिने ते अक्कांनाही सांगितले नव्हते.

मी नंतर त्यांच्या गावी गेले. लोहार हयात नव्हता. त्याचा मुलगा गावातच वेल्डिंगचे दुकान चालवतो. तोही त्या दिवशी भट्टीवर होता. मी न विचारताच त्याने तीच हकिकत सांगितली, कानाला हात लावल्याच्या तपशिलासह. दिवस कोणता होता, ते मी दोघांना वेगवेगळे विचारले. दोघांनीही सांगितले, भाऊबीजेनंतरचा तिसरा दिवस. आम्ही नानांच्या अंगणात गेलो आणि त्यांनी "काय शे, भाऊ?" असे विचारले, ते त्यानंतर अकरा महिन्यांनी.